एक शेकोटी, दोन छापखाने आणि मधली तिघं

पश्चिम केनियात मारागोली माणूस 'विकत घेणे' याला 'कुगुला' म्हणतो. तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर शिन्यालूच्या बाजारात इसुखा माणूस त्यालाच 'खुकुला' म्हणतो. 'क' आपली जागा सोडून 'ख' झाला आणि रिकाम्या जागेवर 'ग' येऊन 'क' झाला. पंगतीत एक जण सरकला की शेजाऱ्यालाही सरकावं लागतं, तसं. (हा 'ख' आपल्या खडूतला नव्हे. उर्दू खबरीतला, घसा खरवडत येणारा.) एकदा ही सरकासरक लक्षात आली की मारागोली माणसाला इसुखा बोलणं बऱ्यापैकी उमगतं. दोघं भाव करू शकतात, भांडूही शकतात.

आता 'माणूस' हा शब्द घ्या. पश्चिमेला मुमियासकडच्या वांगा बोलीत तो 'ओमुंदू' आहे, शब्दाच्या तोंडाशी एक 'ओ' लावून. मारागोलीत नुसता 'मुंदू'. इसुखातही 'मुंदू'. म्हणजे खरेदीच्या शब्दात इसुखा वांगांच्या बाजूला, आणि माणसाच्या शब्दात मारागोलींच्या.

इसुखा, इदाखो आणि तिरिकी या तिन्ही सख्ख्या बोलींचं दुखणं एवढ्या दोन शब्दांत दिसतं. लुहिया या नावाखाली सोळा-अठरा जमाती आणि तितक्याच बोली येतात. त्यांपैकी ही तिघं अशा ठिकाणी बसली आहेत की कुठूनही रेघ मारा, ती त्यांच्या अंगणातूनच जाते. १९४०च्या दशकात या सगळ्या बोलींची मिळून एक प्रमाणभाषा करायचा घाट घातला गेला आणि तो फसला. फसल्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ज्यांनी उघड नकार दिला त्या मारागोली आणि बुकुसूंबद्दल बोलतात. मला हे प्रकरण मधल्या तिघांच्या बाजूनं पाहायचं आहे, कारण भाषेची हद्द नक्की कशानं ठरते ते तिथं जास्त स्वच्छ दिसतं.

जागा

व्हिक्टोरिया सरोवराच्या ईशान्येला, विषुववृत्ताला अगदी खेटून असलेला हा डोंगराळ, दाट वस्तीचा मुलूख. मका, केळी, चहा. इसुखा शिन्यालूच्या बाजूला, काकामेगाच्या जंगलाला लागून. इदाखो त्यांच्या शेजारी इकोलोमानी भागात. दोघंही आजच्या काकामेगा कौंटीत. तिरिकी दक्षिणेला हामिसी भागात, म्हणजे विहिगा कौंटीत. मारागोलीही विहिगातलेच.

तिरिकींचं आणखी एक त्रांगडं आहे. त्यांना लागून तेरिक नावाचे लोक राहतात, जे नांदी-कालेनजिन कुळातली भाषा बोलतात. लुहिया बोली ज्या बांटू भाषाकुळात येतात त्याच्याशी तिचा काही संबंध नाही. नावं जवळजवळ सारखी, भाषा पार वेगळ्या. पण मुलांना वयात आणण्याचे विधी आणि वयोगटांची पद्धत तिरिकींनी या तेरिकांकडूनच घेतली. एका मागोमाग एक येणारी वयोगटांची तीच ती नावं, दीक्षा घेणाऱ्या मुलांचे मुखवटे, सगळं तिथलं. म्हणजे बोलणं इसुखांसारखं आणि मुलगा मोठा व्हायचा तो परभाषिक शेजाऱ्याच्या रीतीनं. 'एक संस्कृती, एक भाषा' असं समीकरण घेऊन कुणी या गावांत गेला तर पहिल्याच आठवड्यात वही मिटेल.

नावाचंही तेच. नकाशावर 'तिरिकी' लिहिलेलं असतं. ते स्वतः आपल्या बोलीला 'लुतिरिची' म्हणतात, कारण त्यांच्याकडे 'इ'च्या आधीचा 'क' मऊ होऊन 'च' होतो. इदाखोंना कुणी इदाखो लिहितं, कुणी इताखो.

छापखाना आधी आला

१९०२ साली अमेरिकेतून क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे तीन तरुण आले आणि कायमोसीला त्यांनी मिशन थाटलं. कायमोसी तिरिकींच्या मुलखात. तेव्हा छापील भाषा तिरिकी व्हायला हवी होती. झाली लोगूली, म्हणजे मारागोलींची. कारण अगदी साधं आहे. मिशनमधला भाषेत रमणारा माणूस, एमरी रीस, मारागोलीत विहिगाला जाऊन राहिला, तिथली बोली शिकला आणि जोएल लितू या मारागोली सहकाऱ्याबरोबर भाषांतराला बसला. १९२५मध्ये लोगूलीत नवा करार छापून आला, १९५१मध्ये अख्खं बायबल. क्वेकरांच्या शाळा आणि प्रार्थनासभा जिथं जिथं पसरल्या, तिथं तिथं हे पुस्तक गेलं. तिरिकी पोर अक्षर शिकलं ते शेजाऱ्याच्या बोलीत. घरी 'खुकुला', पाटीवर 'कुगुला'.

त्याच सुमारास अँग्लिकनांनी मसेनो आणि बुतेरे धरलं, चर्च ऑफ गॉडनं न्योरेंचं किमा, तर मिल हिलच्या कॅथलिकांनी मुमियास आणि १९०६च्या सुमारास इसुखांचं मुकुमू. प्रॉटेस्टंट मिशनांनी आपापसांत मुलूख वाटून घेतला होता. या वाटण्या लोकांच्या बोलण्यावरून झालेल्या नव्हत्या. कोण आधी पोचला, कुणाला कुठल्या मुकादमानं जमीन दिली, त्यावर झाल्या. आणि मग प्रत्येक मिशननं जी बोली सापडली तिची लेखनपद्धती आपल्या कानाप्रमाणे बसवली.

एक अक्षर जवळून पाहू. या सगळ्या बोलींत एक ध्वनी आहे: दोन्ही ओठ जवळ आणायचे, पण मिटायचे नाहीत, आणि मधून वारा सोडायचा. ना धड 'ब', ना धड 'व'. क्वेकरांनी लोगूलीत तो 'व'च्या रोमन अक्षरानं लिहिला, अँग्लिकनांनी वांगा-मारामांकडच्या मधल्या बोलींत 'ब'च्या. 'माणसं' हा शब्द एकीकडे 'वांदू' झाला, दुसरीकडे 'अबांदू'. शब्दाच्या तोंडाशी असलेला 'अ' हा खरा बोलीभेद. 'ब-व'चा फरक मात्र निव्वळ कागदावरचा. पण दहा-वीस वर्षं मुलांनी तो गिरवला की तोही खराच होतो. पुढं एका अक्षरावरून 'ही आमची भाषा नव्हे' म्हणणारी माणसं तयार झाली, ती या गिरवण्यातून.

नाव कुठून आलं

'लुहिया' हे सगळ्यांचं मिळून नाव शंभर वर्षांपूर्वी कुणी वापरत नव्हतं. इंग्रज त्यांना 'बांटू काविरोंडो' म्हणत, आणि ते नाव कुणालाच आवडत नसे. लोक स्वतःला वांगा, किसा, बुकुसू, इसुखा म्हणत.

१९३१मध्ये काकामेगाजवळ सोनं सापडलं आणि गोऱ्या खाणवाल्यांची रीघ लागली. राखीव मुलखातली जमीन आफ्रिकी लोकांचीच राहील, काही कामासाठी घेतलीच तर बदल्यात तेवढी दुसरी देऊ, असं सरकारनं १९३०च्या कायद्यात लिहून दिलं होतं. १९३२मध्ये, सोन्यासाठी, ती अट काढून टाकली. दोन वर्षांत शब्द फिरवला. इकोलोमानीच्या इदाखो शेतकऱ्याला आणि मारागोलीच्या मास्तराला एकाच दिवशी कळलं की आपण वेगवेगळे असलो तरी खड्डा एकच आहे. (इकोलोमानी भागात आजही लोक हातानं खणून, माती धुऊन सोनं काढतात.)

या अस्वस्थतेतून नॉर्थ काविरोंडो सेंट्रल असोसिएशन उभी राहिली. तिच्यात मिशनमध्ये शिकलेली तरुण मंडळी होती, आणि बरीचशी क्वेकर. सरकारशी बोलायला एक तोंड हवं, एका तोंडाला एक नाव हवं. त्यांनी जे नाव काढलं त्याचा अर्थ फार सुंदर आहे. 'ओलुहिया' म्हणजे वाड्याबाहेरची शेकोटी, जिथं सकाळी म्हातारे जमून हात शेकत गावच्या गोष्टी करायचे. एका शेकोटीची माणसं. सुरुवातीला मारागोली वळणानं 'अवालुहिया', मग मधल्या बोलींच्या वळणानं 'अबालुयिया'.

नाव लागलं, आणि झपाट्यानं. १९४८च्या जनगणनेत साडेसहा लाख लोक या नावाखाली मोजले गेले.

समिती

नाव एक झालं तर भाषाही एक व्हावी, असं वाटणं स्वाभाविक होतं. वेळही अनुकूल होती. १९३०मध्ये सरकारांनी स्वाहिलीसाठी समिती नेमून झांझिबारची बोली प्रमाण म्हणून चालवायला घेतली होती. दक्षिणेत, आजच्या झिंबाब्वेत, क्लेमंट डोक या भाषाशास्त्रज्ञानं १९३१मध्ये शोना बोलींसाठी एकच लेखनपद्धती सुचवली होती. प्रत्येक बोलीत वेगळं पाठ्यपुस्तक छापणं कुणालाच परवडणारं नव्हतं. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला लुयिया (म्हणजे लुहियाच) भाषा समिती कामाला लागली. पुढाकार अँग्लिकनांचा: आर्चडीकन वॉल्टर ओवेन, ज्यांनी आधी आफ्रिकी करदात्यांची संघटना बांधून सरकारच्या कपाळावर आठ्या आणल्या होत्या, आणि ॲपलबीबाई, ज्यांनी खरी भाषिक मेहनत केली. शब्दसंग्रह त्यांचा, आणि १९४७मध्ये छापलेलं व्याकरणही त्यांचंच.

त्यांचा विचार तर्काला धरून होता. कडेच्या बोली एकमेकींपासून लांब आहेत. मधल्या वांगा, मारामा, किसा, त्सोत्सो या सगळ्यांनाच थोड्याफार कळतात. मग मधल्याच पाया म्हणून घ्याव्या. शास्त्र म्हणून यात काही चूक काढता येत नाही.

पण मधल्या बोली म्हणजे वांगांच्या बोली, आणि वांगा म्हणजे मुमियाचं राज्य. इंग्रजांनी इथं पाय रोवला तो वांगांचा राजा मुमिया याच्या आश्रयानं. १८९५मध्ये हॉब्ली या इंग्रज अधिकाऱ्यानं बुकुसूंच्या तटबंद्या फोडल्या तेव्हा वांगा इंग्रजांबरोबर होते. पुढं मुमियाच्या घरातली माणसं परक्या जमातींवर मुकादम म्हणून बसवली गेली, मुलुंगा बुकुसूंच्या भागात, मुलामा मारामात. अशा वेळी 'आम्ही फक्त मधली बोली निवडली' असं तुम्ही कितीही शपथेवर सांगा, ऐकणाऱ्याच्या कानात मुकादमाचाच आवाज घुमणार. बुकुसूंनी हात झटकले. मारागोलींनी तर दारच लावलं, कारण त्यांच्या हातात पुस्तक होतं, आणि ते चांगलं पुस्तक होतं.

समितीचं खरं दुर्दैव मला इथं दिसतं. बोली निवडण्यात ती फारशी चुकली नाही, ती उशिरा आली. १९१०च्या आसपास, रीस अजून टिपणं काढत होता तेव्हा, सगळी मिशनं एका टेबलाभोवती बसली असती तर निदान 'ब-व'चा तंटा तरी वाचला असता. १९२५नंतर मारागोलींना 'तुमचं लिखाण बदला' म्हणणं याचा अर्थ 'तुम्ही पाठ केलेली स्तोत्रं विसरा' असा होत होता.

दुसरी वाट होती का? मला वाटतं, होती. एकच अक्षर ठेवायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं वाचायचं. आपण मराठीत हे रोज करतो: 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च वेगळे आहेत, अक्षर एकच आहे, आणि पाच वर्षांच्या पोराचंही काही अडत नाही. कोकणातला माणूस आणि वऱ्हाडातला माणूस एकच वाक्य आपापल्या हेलात वाचतो. पण हे करायला लेखनावर कुणाचा तरी निर्विवाद हक्क असावा लागतो. मोल्सवर्थचा कोश १८३१मध्ये आला तेव्हा त्याच्यामागं सरकार होतं, आणि मराठी त्याआधीच शतकानुशतकं लिहिली जात होती. इथं चार मिशनं, चार तिजोऱ्या, आणि प्रत्येकाच्या मते देव आपल्याच शुद्धलेखनात बोलत होता.

मधली तिघं

मग इसुखा-इदाखो-तिरिकींचं काय झालं? त्यांची स्वतःची बोली कुठल्याच पुस्तकाचा पाया नव्हती. क्वेकर घरात लोगूली बायबल, अँग्लिकनांकडे मधल्या बोलींतली पुस्तकं, मुकुमूच्या कॅथलिकांचा रस्ता तिसराच. सख्खे चुलतभाऊ वेगवेगळ्या लिखाणात शिकले. तरी यांच्याकडून मोठं बंड झाल्याचं दिसत नाही. बंडाला हातात काहीतरी असावं लागतं. मारागोलींकडे छापील पुस्तक होतं, बुकुसूंकडे लढाईची आठवण होती. यांच्याकडे बोलणं होतं, आणि ते कुणी हिसकावून घेत नव्हतं.

भाषाशास्त्रज्ञांनी मग त्यांना आपापल्या कप्प्यात टाकलं. माल्कम गथ्रीच्या वर्गीकरणात वांगा वगैरे मधल्या बोली ई-३० या गटात येतात, युगांडाच्या मसाबांबरोबर. लोगूली येते ई-४०मध्ये, लांब दक्षिणेच्या गुसी आणि कुरिया भाषांसोबत. मारागोलीपासून किसा सकाळी निघून दुपारपर्यंत पायी गाठता येईल, पण कागदावर मध्ये गटाची भिंत. पुढं माहोनं २००९मध्ये ही यादी सुधारताना तिघांना ४११, ४१२, ४१३ असे क्रमांक दिले, लोगूलीच्या ४१चे पोटक्रमांक म्हणून. उलट भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीत 'लुयिया' ही एक महाभाषा आहे, तिच्या पोटात चौदा भाषा, आणि त्यांतली एक 'इदाखो-इसुखा-तिरिकी', मध्ये दोन आडव्या रेघा. इथं लोगूली ही त्यांची आई नसून बहीण आहे. तिरिकी माणसाच्या बोलीचा तीन अक्षरी संकेत 'इदा' आहे, शेजाऱ्याच्या नावावरून घेतलेला.

स्वरांचे चढ-उतार पाहिले तर तीही एकजूट सैल होते. बांटू भाषांत शब्दाचा सूर बदलला की क्रियापदाचा काळ आणि अर्थ बदलू शकतो, आणि लुहिया बोलींत हे सुरांचे नियम गावागणिक बदलतात. नेमका इदाखोवर या अंगानं बारकाईनं अभ्यास झाला आहे. समितीच्या लेखनात सुराला चिन्हच नव्हतं. म्हणजे जिथं बोली सर्वांत जास्त वेगळ्या होत्या तिथं कागदावर त्या एक दिसत होत्या, आणि जिथं त्या एक होत्या तिथं 'ब-व'वरून वेगळ्या.

तिघांतही रेघ पडली ती ढोलावरून. इसुकुती हा इसुखा आणि इदाखोंचा नाच. मोठा, मधला आणि लहान असे तीन ढोल, सोबत हरणाचं शिंग आणि लोखंडी खुळखुळे, एक जण गाणं उचलतो आणि बाकीचे झेलतात. बारसं असो, लग्न असो, मयत असो, हा नाच हवाच. बैलांच्या टकरींच्या सकाळी बैलाला मैदानात नेतात तेही इसुकुती वाजवत. गोव्यातली धीरयो ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या गर्दीचा रंग वेगळा सांगायला नको. २०१४मध्ये युनेस्कोनं इसुकुतीला तातडीनं जपायच्या वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा नावं दोनच लिहिली: इसुखा आणि इदाखो. तिरिकी नाहीत, आणि त्यात युनेस्कोचं काही चुकलं नाही.

एका भाषेला काम काय?

प्रमाण लुयियाचं पुढं अगदीच काही झालं नाही असं नाही. १९७५मध्ये त्या भाषेत पूर्ण बायबल आलं आणि मधल्या भागात ते वाचलं जातं. पण बुकुसूंनी १९९०च्या दशकात आपलं वेगळं करून घेतलं.

माझ्या मते नकारापेक्षाही मोठं कारण वेगळं आहे. प्रमाणभाषेला पोटासाठी काही काम लागतं. इसुखा आणि बुकुसू माणूस किसुमूच्या बाजारात भेटले तर बोलणार काय? स्वाहिली. तिथल्या 'दुका'त, म्हणजे आपल्या दुकानात, स्वाहिलीच चालते. साहेबाशी, कोर्टात, परीक्षेत इंग्रजी. घरी आपली बोली. या तीन पायऱ्यांच्या मध्ये प्रमाण लुयियाला उभं राहायला जागाच नव्हती. शोनाला ती मिळाली, कारण तिच्या मुलखात स्वाहिलीसारखी तयार बाजारभाषा नव्हती.

नाव मात्र भाषेशिवायच जगलं, आणि छान जगलं. १९६४मध्ये नैरोबीत अबालुहिया युनायटेड नावाचा फुटबॉल संघ निघाला. १९८०मध्ये जमातींची नावं काढून टाका असा आदेश आला तेव्हा तो 'अबालुहिया एफसी' झाला होता; त्यानं आद्याक्षरं तीच ठेवून एएफसी लेपर्ड्स हे नाव घेतलं. चाहते त्याला 'इंग्वे', बिबळ्या, म्हणतात आणि प्रेक्षागृहात इसुकुतीचे ढोल घुमतात, मारागोली आणि बुकुसू त्यावर सारखेच नाचतात. रेडिओवर 'मुलेंबे एफएम' निघालं. मुलेंबे म्हणजे शांती, आणि थोड्याफार फरकानं सगळ्यांचा नमस्कारही तोच. बुकुसूंसाठी त्याच मालकांनी 'सुल्वे' हे वेगळं केंद्र काढलं. समितीला जे दहा वर्षांत उमगलं नाही ते जाहिरातवाल्यांना पहिल्याच फेरीत उमगलं.

२०१९च्या जनगणनेत लुहिया ६८ लाखांवर मोजले गेले. कोष्टकात त्या आकड्याखाली इसुखा, इदाखो, तिरिकी पुन्हा वेगवेगळ्या ओळींत आहेत. आणि त्या मोठ्या नावाचं शुद्धलेखन अजून ठरलेलं नाही. वर्तमानपत्रं आणि सरकार 'ह' लिहितात, अभ्यासक बहुधा 'य', आणि काही जण भांडण नको म्हणून दोन्ही.